उसने हात

पहिलटकरणीने बाळंतपणासाठी माहेरी यावे, ही आपल्याकडची रीत इतकी जुनी आहे की तिचे कारण विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. ओटीभरण झाले की मुलगी माहेरी यावयाची. मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाला धुरी, आणि बाळंतिणीच्या खोलीतला तो ओवा-वेखंडाचा वास. या सगळ्याभोवती आपण मायेचे एवढे वलय उभे केले आहे की त्याखालचा रोकडा हिशेब दिसेनासा होतो. मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे असेल कदाचित, मजला मात्र तो आधी दिसतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी आमच्या बेळगावच्या घरात आई होती, दोन काकू होत्या, आत्या महिनाभर येऊन राहिली होती, तेल लावून न्हाऊमाखू घालणारी बाई रोज सकाळी येई, धुणे धुणारी वेगळी होती, आणि शेजारच्या वहिनी दुपारच्या वेळी केवळ बाळ मांडीवर घेऊन बसण्यासाठी येत. म्हणजे मूल एक आणि हात चौदा. त्यांतील पैसे घेऊन राबणारे हात चार. बाकीच्या दहांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

मजजवळ स्विंडनला हात होते चार. त्यांतील दोन माझे, आणि उरलेले दोन दिवसा झोपलेले असत. कारण आमच्या ह्यांचे काम एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, आणि तेही आठवड्यातून चार रात्री.

हे लिहिते आहे ती बेळगावात, टिळकवाडीतील घराच्या सोप्यात बसून. इंग्लंडमधील शाळांना जुलैअखेरीस उन्हाळ्याची सुटी लागते, ती इथल्या आषाढ-श्रावणात येते. त्यामुळे सुटी म्हणून आम्ही जे काही अनुभवतो तो सारा पाऊसच असतो. लेक अडीच वर्षांची आहे. ती आता आजीच्या मागे मागे परसात हिंडते आहे, म्हणून मला हा तास मिळाला. असा सलग तास हाती आला की प्रथम काय करावे तेच सुचत नाही.

मुलीचा जन्म २०२३ च्या फेब्रुवारीतला. त्या देशात कायद्याने बाळंतपणाची रजा बावन्न आठवड्यांपर्यंत मिळते, त्यांपैकी एकोणचाळीस आठवडे काही ना काही वेतन असते. पहिले सहा आठवडे पगाराच्या नव्वद टक्के, पुढे मात्र बरेच कमी. आपल्याकडे १९६१ च्या कायद्यात बारा आठवडे होते, ते २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस झाले. आकडे शेजारी शेजारी मांडले तर इंग्लंडचे पारडे जड दिसते, आणि ते आहेही. परंतु बावन्न आठवड्यांच्या रजेत बाळाला आंघोळ कोणी घालावी हे कायदा सांगत नाही. ती रजा म्हणजे एका बाईला घरात एकटे बसण्यासाठी दिलेला भला थोरला अवकाश असतो. बाहेर चार वाजता अंधार पडतो आणि दाराची घंटा वाजली तर ती पार्सलवाल्याची.

आई आली ती सहा महिन्यांसाठी. पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेस तेवढेच राहता येते. तिच्या पेटीत सुंठ, पिंपळमूळ, वावडिंग, अळीव, जुन्या मऊ लुगड्यांची फाडून शिवलेली दुपटी, कपिलेश्वराचा अंगारा, आणि ज्या डब्यासाठी विमानतळावर तिला अडवून ठेवले तो कुंद्याचा डबा. बारसे तिनेच केले. पाळणा नव्हता म्हणून बेताच्या उंचीच्या पलंगावर दुपटे चौघडी करून अंथरले, आणि टिळकवाडीत बसलेल्या आत्याने फोनच्या पडद्यावरून बाळाच्या कानात नाव सांगितले. तिकडे पाळण्याचे गाणे म्हणणाऱ्या बायकांचे आवाज आमच्यापर्यंत एकामागून एक, थोडे थोडे उशिराने पोचत होते, आणि त्या गोंधळात बाळ शांत झोपून गेले.

ऑगस्ट जवळ आला तसे घरात एक न बोललेले वाक्य हिंडू लागले. अखेर आईने ते उच्चारले. घरात आम्ही कोंकणीच बोलतो, तेव्हा ते कोंकणीतच होते : "एक वर्स म्हजेलागीं रावूं दी गो." वर्षभर बाळ बेळगावला राहू दे, तू शाळेत रुजू हो, पुढच्या उन्हाळ्यात येऊन ने. यात जगावेगळे काही नव्हते. परदेशी राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी तान्ही मुले अशी आजी-आजोबांकडे धाडली आहेत, आणि ती चांगली वाढली आहेत. माझ्या चेहऱ्यावरचा नकार पाहून आई म्हणाली, "आणि तुला मी एकटीनं वाढवलं असं वाटतं की काय तुला? निपाणी विसरलीस?"

निपाणी मी विसरले नव्हते. परंतु निपाणीचा असा उपयोग होईल हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

माझ्या जन्माच्या वेळी आई निपाणीला एका मराठी शाळेत शिकवीत होती आणि वडिलांची नोकरी बेळगावला होती. अंतर पंचाहत्तर किलोमीटरांचे. आज महामार्गाने सव्वा-दीड तासात कापता येते, पण त्या काळी ते शनिवारी संध्याकाळच्या गाडीने तवंदीचा घाट उतरून यावयाचे आणि सोमवारी पहाटे परतावयाचे. गावात आपले म्हणावे असे एकही घर नाही. राज्यांची फेररचना झाली त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून हा मुलूख जसा एका राज्यात आणि मनाने दुसऱ्यात राहिला आहे, तशीच काहीशी आईची स्थिती होती. तसे निपाणीकरांना त्याचे फारसे काही वाटत नाही. ज्या देवचंद महाविद्यालयात गावची मुले शिकतात ते गावाला लागून असले तरी आहे अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात. तेव्हा रोज सकाळी परराज्यात शिकावयास किंवा शिकवावयास जाणे आणि दुपारी जेवावयास स्वराज्यात परतणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे.

निपाणीचे नाव १९८१ च्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने देशभर गेले. पण आम्हा मुलांना तंबाखू ठाऊक होती ती वासाने. वखारींच्या बाजूने वारा आला की डोळे चुरचुरत, शिंका येत, आणि कुणाच्या घरी गेले तरी सुपात तेंदूची पाने आणि तंबाखूचा चुरा हा असावयाचाच. आमच्या शेजारी अशीच एक विड्या वळणारी बाई राहत असे. घरात कानडी, बाजारात मराठी. आम्ही तिला अव्वा म्हणत असू. तीन महिन्यांची रजा संपल्यावर आई शाळेत जाऊ लागली ती मला अव्वाच्या हवाली करून. अव्वाच्या तुळईला लुगड्याची झोळी टांगलेली असे. झोळीला दोरी, दोरीचे दुसरे टोक अव्वाच्या पायाच्या अंगठ्याला, आणि मांडीवर सूप. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली. त्यामुळे हाताला उसंत देणे परवडणारे नव्हते. पाय झोका देई, हात विडी वळीत, आणि तोंडाने कानडी गाणे चाललेले. आईची शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती. मधल्या सुटीत ती धावत येई, मला पाजी, आणि घंटा व्हायच्या आत फळ्यापुढे उभी राही.

अव्वाने पैसे कधी घेतले नाहीत. आई देऊ करी, ती घेत नसे. त्याऐवजी आई तिच्या दोघा मुलांना संध्याकाळी पाढे व शुद्धलेखन शिकवी. मला तंबाखूच्या धुळीत ठेवावे लागते याची टोचणी आईला रात्रंदिवस असे. मी खोकले की ती जागी होई. आणखी एक गोष्ट तिने मला प्रथमच स्विंडनला, त्या ऑगस्टमध्ये, भांडी पुसता पुसता सांगितली. मी पहिली हाक मारली ती 'अव्वा' अशी होती. "मला बरं वाटलं," आई म्हणाली, "आणि त्या रात्री मी जेवले नाही."

आईने हे बाळाला नेण्याच्या बाजूने सांगितले, की विरुद्ध, ते मला आजतागायत कळलेले नाही.

त्याच सुमारास एका रविवारी आम्ही वाँटेजला गेलो. स्विंडनपासून पूर्वेस हे गाव पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे. चौकात आल्फ्रेड राजाचा पांढरा पुतळा, भोवती विटांची घरे, शनिवारचा बाजार उठून गेल्यावरची शांतता. आपल्याकडील कुणी मुद्दाम जावे असे तिथे काही नाही. मी गेले ती पंडिता रमाबाईंसाठी. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या आणि मनोरमा दोन वर्षांची. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये गेलेले. ज्यांचे संस्कृत ऐकून कलकत्त्याच्या पंडितांनी माना डोलावल्या, त्या बाईला मागे ठेवण्यासारखे माहेरही उरलेले नव्हते. वाँटेजला सेंट मेरी संघाच्या जोगिणींचा मठ होता. तिथल्या ज्या भगिनी पुण्यास जाणार होत्या त्यांना मराठी शिकवावयाचे आणि त्या मोबदल्यात मायलेकींनी तिथे राहावयाचे, अशी व्यवस्था होती. पुढे १८८४ ते १८८६ या काळात रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित व शास्त्रे शिकत. त्या काळात मनोरमा वाँटेजच्या जोगिणींच्या सांभाळातही राहिली. नकाशा पाहिला तर वाँटेज आणि चेल्टनहॅम यांच्या मध्ये स्विंडन येते. हा योगायोग मला सापडला तेव्हा मी रात्री दोनला बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालीत होते, आणि एवढ्या जुन्या काळची कुणी बाई शेजारी राहावयास आली आहे असे वाटून गेले.

रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्यावरून महाराष्ट्रात जे वादळ उठले ते या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे. माझे लक्ष वेधले ते एका संबोधनाने. ज्या सिस्टर जेराल्डीनने मायलेकींचा भार उचलला तिला रमाबाई पत्रांतून 'आजीबाई' म्हणत. हजारो मैलांवर, जोगिणीच्या वेषातील एका परक्या इंग्रज बाईला त्यांनी आपल्या भाषेतले नाते देऊन टाकले. आणि त्याच आजीबाईशी त्यांचा मनोरमेवरून वाद झाला. मुलीला धर्माचे काय शिकवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार आईचा, की तिला सांभाळणाऱ्यांचा? रमाबाईंनी तो अधिकार सोडला नाही. उपकार मानले, आजीबाई म्हणणे थांबविले नाही, परंतु मुलगी कशी वाढावी ते मीच ठरवीन हे स्वच्छ लिहिले. ही पत्रे आज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. ती मी पूर्वी, कॉलेजात असताना, धर्मचर्चा म्हणून वाचली होती. मूल झाल्यावर वाचली तेव्हा ती पाळणाघराच्या अटींवरील वाटाघाटी वाटली. पहिले वाचन चुकीचे होते असे नव्हे. पण मूल दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते तेव्हा त्याबरोबर आणखी काय काय जाते, हा प्रश्न मनोरमेच्या आईने जितक्या ताठ मानेने विचारला तितका आम्ही अजून विचारीत नाही.

आई ऑगस्टच्या शेवटी एकटीच बेळगावला परतली. विमानतळावर ती बाळाकडे पाहत नव्हती, माझ्याकडेच पाहत होती.

मी जानेवारी २०२४ मध्ये रुजू झाले, आठवड्यातून तीन दिवस. पाच दिवसांचे तीन करून घेतले की पगार तीन पंचमांश होतो हे गणित सोपे. पण विभागाची जी जबाबदारी मजकडे होती ती तीन दिवसांच्या शिक्षिकेकडे राहू शकत नाही असे मला सौम्य शब्दांत सांगण्यात आले. ती गेली. दूध काढून ठेवण्यासाठी जी जागा दाखविण्यात आली ती जुने तक्ते आणि मोडक्या खुर्च्या ठेवण्याची खोली होती. मी तिथे बसून वह्या तपाशीत असे. एके दिवशी अपूर्णांकांची बेरीज शिकवीत असताना बाहेर रस्त्यावर कुणाचे तरी मूल रडले, आणि मला पान्हा फुटला. समोर तेरा वर्षांची तीस मुले. मी वही छातीशी धरली आणि समान छेद काढणे चालू ठेवले. आईने निपाणीला मधल्या सुटीत दोन गल्ल्या धावत जाण्याचे जे सांगितले होते, त्यातील अंतर मला त्या दिवशी समजले.

आता मुलीचे. तिथल्या पाळणाघरांत दोन वर्षांखालील दर तीन मुलांमागे एक माणूस असावे असा नियम आहे, आणि तो पाळला जातो. म्हणूनच ती पाळणाघरे महाग आहेत. सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्या आईबापांच्या नऊ महिन्यांवरील मुलांना शाळेच्या दिवसांत आठवड्याचे तीस तास सरकारी खर्चाने मिळतात. आमच्या अडचणीच्या काळात ते नव्हते. आम्ही शोधत शोधत पोचलो ते तीन रस्ते पलीकडच्या एका गोमंतकीय बाईंकडे. स्विंडनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती लोक फार आहेत. पोर्तुगीज राजवट १९६१ मध्ये गेली, तरी तिच्या काळात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. त्या आधारे ते तिकडे आले. या बाई मूळच्या साष्टीच्या. मुले सांभाळण्याची सरकारी नोंदणी केलेली, घरात तीन मुले, भिंतीवर क्रूस आणि खिडकीत कढीपत्त्याचे रोप. पहिल्या दिवशी मी इंग्रजीत बोलू लागले. त्यांनी माझे आडनाव ऐकले, क्षणभर थांबल्या, आणि विचारले, "कोंकणी कळटा मगो तुका?"

संध्याकाळी मुलीला आणावयास जावे तर त्या ओठांवर बोट ठेवून म्हणत, "तें न्हिदलां." आमच्या घरी कुणी असे म्हणत नाही, बेळगावच्या आमच्या कोंकणीवर मराठीचा पगडा आहे आणि आम्ही मुलीला 'ती' म्हणतो. गोव्यात लहान मुलीला नपुंसकलिंगी 'तें' म्हणतात हे मी पुस्तकात वाचले होते. ते जिवंत, माझ्याच लेकीविषयी, विल्टशरमधील एका विटांच्या घराच्या दारात ऐकताना कसे वाटले ते सांगता येत नाही. मुलगी आता खिडकीला 'जनेल' म्हणते आणि खुर्चीला 'कदेल'. पोर्तुगीज शब्द, गोव्याच्या वाटेने, इंग्लंडात, एका बेळगावकर पोरीच्या तोंडी. माझ्या आईला पहिल्यांदा फोनवर 'जनेल' ऐकून हसू आवरेना. नंतर ती म्हणाली, तिची आजी असेच म्हणत असे.

या बाईंशीही आमचे एकदा बोलणे झाले. मुलगी क्रूसाची खूण करू लागली होती. बाकीची मुले जेवणाआधी करीत, तीही करी. मला रमाबाई आठवल्या. मी स्पष्ट सांगितले की आमच्या घरी जेवणाआधी 'वदनी कवळ' म्हणतात, तिने तेच म्हणावे अशी आमची इच्छा आहे. बाईंनी ते मनावर घेतले, आणि दुसऱ्या दिवशी मलाच ते दोनदा म्हणावयास लावून पाठ केले. आता तिथे दोन्ही होते, आधी एक आणि मग दुसरे. शेजारच्या पोलिश मुलालाही ते येते असे ऐकते.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघी, आई, मी आणि मुलगी, निपाणीला जाऊन आलो. अव्वा आता फार थकली आहे. विड्या वळणे दहा वर्षांमागेच सुटले. बोटे वळत नाहीत. घर तेच, तुळई तीच, तिला आता पंखा टांगलेला. तिने मुलीला जवळ घेतले आणि कानडीत काहीबाही बोलू लागली. मुलीने तिच्याकडे पाहून "उदक" म्हटले. अव्वाने माझ्या आईकडे पाहिले. आईने अर्थ सांगण्याच्या आत ती उठून, भिंतीचा आधार घेत, तांब्या घेऊन आली.

मग तिने मला विचारले, "तिकडं हिला कोण बघतंय?"

मी सांगितले, एक गोव्याची बाई आहे.

"पैसं घेती व्हय?"

"घेते."

अव्वा काही वेळ गप्प राहिली. आईही पायरीवरून उठून उगाच दाराशी जाऊन उभी राहिली. "घ्यावंच की," अव्वा म्हणाली. आणि मग, "तासाला किती?"

मी पौंडांचे रुपये करून आकडा सांगितला. तिने तो बोटांवर मोजल्यासारखे केले, आणि मला पुन्हा एकदा सांगावयास लावला.